आठ नंबरची वाटी

तांबे, उद्या सकाळी अकराला खालच्या हॉलमध्ये तुझी आदरांजली सभा आहे. आपल्या वृद्धाश्रमाच्या मॅडमनी मला तुझ्यावर पानभर लिहून आणायला सांगितलंय. वर बजावलंय, आबा, फेकू नका, ट्रस्टची माणसं समोर बसणार आहेत. तू असतास तर म्हणाला असतास, मॅडम, ह्याला पान कसलं देता, पोस्टकार्ड द्या, म्हणजे खोट्याला जागाच उरणार नाही.

तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझी नोकरी मी सांगत बसत नाही. ते तुझी लेक सांगेल. मी तुझ्याशीच बोलतो, बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐकावं. बारा दिवस तू माझ्याशी अबोला धरलास आणि मग उठून गेलासच. भांडण अर्धं टाकून जायचं ही कुठली पद्धत रे? लालबागमध्ये असं कोणी करत नाही. तिथे माणूस भांडण पुरं करतो, चहा पितो आणि मग मरतो.

तुला आठवतं, तू आलास तो दिवस? मी आधीपासूनचा कैदी. तिसरा मजला, जिन्याला जाळीचं सरकतं दार, दाराला कुलूप, आणि किल्ली वॉचमनच्या गळ्यात लॉकेटासारखी. मी तुला सांगितलं की आमची चाळ पाडून टॉवर बांधतायत, तो झाला की मी सुटलो. पण टॉवर काही वर येत नाही, उलट गेल्या वर्षी एक फूट खाली गेला, मी मोजलंय. दुसरा कोणी असता तर हसला असता. तू पिशवीतून टॉवेल काढत विचारलंस, "कशाने मोजलंत? इथून?"

तेव्हा मी ओळखलं, ह्या माणसाशी आपलं जन्मभर वाकडं येणार. आणि तसंच झालं, दोन वर्षं.

मी मंडपाचा लायटिंगवाला. लग्न, बारसं, गणपती, नेत्याचा वाढदिवस, जिथे उजेड तिथे परब. दहा बल्ब लावायचे आणि हजार सांगायचे हा आमच्या धंद्याचा पायाच. तू म्युनिसिपालटीच्या इस्पितळात औषधखिडकीमागे बसून गोळ्या मोजण्यात आयुष्य काढलेलं. तुझ्या जिभेवर दहा म्हणजे दहाच. अशा दोघांना एका खोलीत कोंबलं, तुला खिडकीपाशी सात नंबर आणि मला दाराशी आठ नंबर, आणि बाहेरून जाळी ओढली.

रंजनाला तू घडवलंस, हे मात्र ट्रस्टच्या लोकांनी कान देऊन ऐकावं. पंचेचाळिशीची बाई, लोअर परळच्या चाळीतून पायी येणारी, सकाळची गोळ्यांची ट्रॉली तिच्याकडे. स्टीलच्या छोट्या वाट्या, वाट्यांवर तिनेच लाल नेलपॉलिशने घातलेले पलंगांचे नंबर. पूर्वी ती खोलीत शिरली की नुसती ओरडायची, सात नंबर, आठ नंबर, घ्या पटापट. तू पहिल्याच आठवड्यात तिला थांबवलंस. आवाज न चढवता. तू म्हणालास, "नंबर पलंगाचा असतो रंजना, गोळी माणसाची असते. नाव विचार. पूर्ण नाव."

ती विचारायला लागली. नाव, मग गोळी कशाची ते सांगायची, मग आपण गिळेपर्यंत उभी राहायची, आणि मग वहीत सही. आधी ती बाई सकाळीच बसून अख्ख्या मजल्याच्या सह्या ठोकून मोकळी व्हायची, वेळ वाचतो म्हणून. तू तिला म्हणालास, सही म्हणजे साक्ष आहे, गोळी पोटात जायच्या आधी साक्ष कसली देतेस. ती रागावली होती, पण ऐकलं तिने. बाकीच्या मजल्यांवर अजून आधी सह्या होतात, हे मी आत्ता सगळ्यांसमोर सांगून टाकतो. उद्यानंतर मला कोण काय करणार आहे?

आणि मी काय करायचो? ती नाव विचारायची आणि मी रोज नवं सांगायचो. एक दिवस विलायतेचा युवराज, एक दिवस मालवणचा तो खलाशी ज्याने माशाला पोहायला शिकवलं. रंजना हसत सुटायची. गोळी गालात धरून नंतर कुंडीत टाकायचो, तर तू पलंगावरून फर्मान सोडायचास, रंजना, त्याला जीभ वर करायला सांग. मी म्हणायचो, मेल्या, तू औषधखिडकीवर होतास की पोलीस चौकीत? एकदा तू खरंच चिडलास. म्हणालास, "परब, दिवसभर काय वाटेल ते बोल. ह्या एका मिनिटाला खरं बोल. हिच्या हातात वाटी असते."

मी त्यावर पण एक गोष्ट रचली. आता आठवत नाही कुठली.

आणि त्याच तोंडाने हेही सांगायला हवं, की तुझ्यामुळे मी एकदा वाचलो. डॉक्टरांनी माझी साखरेची गोळी बदलली, नवी पट्टी आली, पण जुनीही माझ्या डब्यात तशीच पडून राहिली. वाटीत दोन्ही आल्या. तू चष्मा कपाळावर चढवून म्हणालास, दोन का? ह्याला एकच हवी. मी म्हणालो, माझी साखर दोघांएवढी आहे. तू माझ्याकडे बघितलंसच नाही, रंजनाला म्हणालास, देऊ नकोस, आधी खाली फोन लाव. ती गोळी माझ्या पोटात गेली नाही. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. उलट दुपारी अख्ख्या मजल्याला सांगत फिरलो की तांब्याला माझ्या गोळ्यांवर डोळा आहे.

आता खिडकीचं.

मिरच्यांचा सीझन सुरू झाला तसा खालच्या गल्लीतल्या मसाला कांडायच्या दुकानांचा दणका वाढला. तो लाल वास वर यायचा आणि थेट तुझ्या पलंगावर उतरायचा. तू खोकून खोकून निळा पडायचास. आणि मी दाराशी पडून नाकपुड्या फुगवून बसायचो, कारण माझ्या बायकोचा मालवणी मसाला त्याच गल्लीत कांडला जायचा, ती स्वतः समोर उभी राहून कांडून घ्यायची. ह्या इमारतीत उघडणारी म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती खिडकी. तुला ती नको होती, मला हवी होती. संध्याकाळी गोळ्यांची फेरी होऊन गेल्यावर आपण पलंग बदलले. तू माझ्या आठवर, मी तुझ्या सातवर. उशा घेतल्या, चादरी घेतल्या, तुझा तो बाबासाहेबांचा फोटो तू स्वतः हाताने नेलास. आणि पहिलं वाक्य काय बोललास? ऑफिसात सांगितलंस का?

ऑफिसात सांगायचं म्हणजे फॉर्म. फॉर्म म्हणजे मुलाची सही. माझा मुलगा फोन उचलत नाही हे तुला माहीत होतं, मला मान्य नव्हतं, एवढाच फरक. शिवाय नियम मोडला की मॅडम माणसाला आतल्या हॉलमध्ये हलवतात. तिथे सहा पलंग, एक पंखा, आणि खिडकी नाहीच. मी त्या हॉलच्या दारासमोरूनही चालत नाही, भिंतीला धरून पलीकडून जातो.

तर मी म्हणालो, सांगितलं.

हे माझं आयुष्यातलं सगळ्यात लहान खोटं. एका शब्दाचं. त्यात हत्ती नाही, युवराज नाही, काही नाही. म्हणूनच तू ते मानलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ट्रॉली आली तेव्हा मी गोष्ट सांगत होतो. तुला हसवायचं हा माझा दोन वर्षांचा पण होता, आणि त्या दिवशी मी खास तुझ्या मापाची गोष्ट शिवली होती. एका लग्नाला मी असा काही लाइट लावला की संध्याकाळी सातला लालबागपासून शीवपर्यंतचे कोंबडे आरवले. दूधवाले कॅन घेऊन निघाले. हिंदमाताच्या साडीवाल्यांनी बंद केलेली शटरं पुन्हा वर केली. आणि नवरीचा आजोबा मांडवात जांभई देत उठला आणि म्हणाला, उजाडलं वाटतं, माझी सकाळची गोळी द्या.

तिथे तू फुटलास. औषधवाल्याच्या पोटात बरोबर लागली ती. दोन वर्षांत पहिल्यांदा, दात दिसेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रंजना ट्रॉलीला धरून हसत होती. तिने नाव विचारलं नाही. तिचा हात रोजच्या सवयीने चालला, दाराशी आठ नंबरची वाटी, खिडकीशी सात नंबरची. तू हसत हसत तळहात पुढे केलास, बघितलं नाहीस, गोळी तोंडात टाकलीस आणि पाणी प्यायलास. जन्मभर दुसऱ्यांच्या गोळ्या दोनदोनदा मोजणारा तू. मग डोळे पुसत मला विचारलंस, "मग? दिली गोळी त्याला?"

मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, मी रंगत वाढवतोय.

मी माझ्या वाटीत बघत होतो. माझी गोळी हिरवट असते. वाटीत पांढरी होती, मध्ये रेघ असलेली, तुझी ब्लडप्रेशरची. म्हणजे माझी साखरेची हिरवी तुझ्या पोटात गेली, हे मला कळायला, तांबे, एक क्षण पण लागला नाही. रंजना अजून खोलीत होती. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. ज्या तोंडाने उभ्या जन्मात विश्रांती घेतली नाही ते तोंड मी मिटून घेतलं. मनात म्हटलं, एक गोळी, काय होतंय. बोललो तर पलंगाचं निघणार, पलंगाचं निघालं की आतला हॉल. मी पांढरी गोळी तोंडाशी नेल्यासारखं केलं आणि कानाच्या मशीनच्या डबीत टाकली. रंजनाने सही केली.

नाश्त्याला उपमा होता. तू खोकल्यामुळे दोन चमचे खाल्लेस आणि पेपर घेऊन बसलास. आणि मी खिडकीत. मिरच्यांचा वास आला आणि मला तो घेता आला नाही. दोन तास मी तुझ्याकडे चोरून बघत होतो, की काही होत नाहीये ना. त्या दोन तासांवर मी कुठलीही गोष्ट रचू शकलो नाही, अजूनही नाही.

साडेदहाला पेपर थरथरायला लागला. तुझा सदरा घामाने पाठीला चिकटला. तू रंजनाला तुझ्या गेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारलीस. आणि त्या अवस्थेत, डोळे फिरलेले असताना, तूच म्हणालास, साखर, साखर द्या मला, कोणाची गोळी गेली बघा. तू स्वतःचं औषध स्वतःच सांगितलंस, आणि हे सगळं माहीत असलेला माणूस तीन हातांवर बसला होता. रंजनाने साखरेचं पाणी पाजलं, खाली फोन केला, तिने सगळं नीट केलं. तुला इस्पितळात नेलं, सलाइन लावलं, दोन दिवसांनी तू परत आलास. वजन घटलेलं, पण चष्मा पुसत पुसत, म्हणजे ठीक.

मग ऑफिसात बोलावणं. मॅडम, रंजना, तू आणि मी. रंजनाने सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी नाव विचारलं नाही, हसण्यात राहिलं. तू म्हणालास, तिचं एका मिनिटाचं चुकलं, पण पलंग बदलल्याचं ऑफिसला कळवलं होतं, मग वाट्यांचे नंबर का बदलले नाहीत? मॅडम म्हणाल्या, आम्हाला कोणी कळवलं? मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमना सांगितलं असं मॅडमच्या तोंडावर कसं म्हणणार? मी म्हणालो, रंजनाला सांगितलं होतं.

आणि रंजना काय म्हणाली ते तू ऐकलंस. ती म्हणाली, "आबांनी सांगितलं असेल हो. माझ्याच डोक्यातून गेलं असेल."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला, तांबे. ह्या इमारतीत माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, मी बाहेर पाऊस आहे म्हटलं तर लोक हात बाहेर काढून बघतात. आणि ह्या बाईने नेमका तिथे ठेवला.

तू माझ्याकडे वळून बघितलंस. तुला कळलं. तू तिथे बोलला नाहीस, आणि खोलीत आल्यावर एवढंच म्हणालास, "मी सांगितलं तर ती माझी तक्रार होईल. तू लिहिलंस तर ती नोंद होईल. लिही, परब. गोष्ट नको, नोंद." बस. त्यानंतर बारा दिवस तू सातवर, मी आठवर, जागच्या जागी परत, आणि मध्ये एक शब्द नाही. रंजनाची ट्रॉली काढून घेतली, तिला चादरींच्या कामाला लावलं. ट्रॉलीवर नवीन माणूस आला, तो नंबर ओरडतो. तू दर वेळी, त्याने न विचारता, तुझं पूर्ण नाव सांगायचास. मोठ्याने. ते त्याच्यासाठी नव्हतं, मला माहीत आहे.

तेराव्या दिवशी दुपारी तू पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय, त्या गोळीशी काही संबंध नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाले. मी ते धरून ठेवलंय, पण त्याने मला सोडवलेलं नाही.

तू गेल्यावर मी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, एका दमात, पदरचं काही न घालता. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, आबा, रंजनाला वाचवायला किती छान रचलंत हो. वर म्हणाल्या, आता खिडकीचा पलंग तुम्हीच घ्या, तांबेकाकांनाही आवडेल.

आहे की नाही? तिसऱ्या मजल्याच्या जाळीची किल्ली निदान वॉचमनच्या गळ्यात तरी आहे. मला खोटारडा ठरवून बसलेल्या ह्या कुलपाची कोणाच्याच गळ्यात नाही. मी ओरडून खरं सांगतोय आणि समोरची माणसं टाळ्या वाजवायच्या बेतात आहेत. परवा सोमवारी ट्रस्ट ठरवणार, रंजनाला ठेवायचं की काढायचं. तिला सांगायला गेलो तर ती चादर घडी करता करता म्हणाली, राहू द्या आबा, तुम्ही माझ्यासाठी कशाला अंगावर घेता. तू गेल्यापासून मी सातवर एकदाही झोपलो नाही.

म्हणून ह्या पानाच्या खाली मी तुझी पांढरी गोळी चिकटपट्टीने चिकटवलीय. मध्ये रेघ आहे, कोणीही तुझ्या कागदांशी ताडून बघावी. मी रंजनाला पलंगाचं खरंच सांगितलं असतं, तर ही गोळी वाटीत दिसताच ओरडलो असतो की अगं, काल सांगितलं ना तुला. मी ओरडलो नाही, लपवली. सांगितलेला माणूस लपवत नाही. तुला गोष्ट नको होती, नोंद हवी होती, तर घे. मनोहर तांबे यांची सकाळची गोळी सदानंद गोविंद परब याला मिळाली. त्याने ती ओळखली. दोन तास तो गप्प बसला. पलंग बदलल्याचं त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. रंजनाने नाव विचारलं नाही, कारण तो तिला हसवत होता.

उद्या हे वाचून झाल्यावर मला आतल्या हॉलमध्ये हलवतील. हलवू देत. सातवर जो येईल त्याला मिरच्या सोसणार का, तेवढं आधी विचारा म्हणावं.

आणि ते तुझं राहिलेलं उत्तर. ते लग्न झालंच नव्हतं, तांबे. कोंबडे नव्हते, आजोबा नव्हता, खालच्या मसाल्याच्या गल्लीत मी एकदा दिव्यांची माळ लावली होती आणि तिचाही फ्यूज उडाला. पण तू विचारलंस म्हणून शेवट करून ठेवलाय, खास तुझ्या मापाचा. नवरीच्या आजोबाने हात पुढे केला. अख्खा मांडव हसत होता. औषधाची डबी जिच्या हातात होती ती बाई तेवढी हसली नाही. तिने डबी मिटली आणि म्हणाली, आजोबा, आधी पूर्ण नाव सांगा.

आणि त्याने खरं सांगितलं.